पिवळा लागलाय!

मराठी घरात लहान मुलाला सर्दी आपोआप होत नाही. ती कुणीतरी केलेली असते. मूल पहिल्यांदा शिंकलं की वडीलधारी मंडळी औषधाच्या आधी आरोपी शोधायला लागतात. "काल केळं कुणी दिलं होतं?" हा पहिला प्रश्न. मग दही, पेरू, सीताफळ, आईस्क्रीम, फ्रिजमधलं पाणी, ओले केस, अनवाणी पाय आणि तीनवर फिरणारा पंखा यांची एकेक करून झडती होते. आमच्या नाशकात हंगामात द्राक्षंही उभी केली जातात. कुणावरच काही शाबीत झालं नाही, तर 'हवा बदललीय' असा शेरा मारून प्रकरण मिटवतात. हवेचा पत्ता माहीत असता, तर माझ्या आईने तिलाही घरी बोलावून जाब विचारला असता.

खरा आरोपी या यादीत कधीच नसतो. त्याचं नाव ऱ्हायनोव्हायरस. शास्त्रज्ञांना तो 1950च्या दशकात सापडला आणि त्याचे 160हून जास्त प्रकार आहेत. एकाशी शरीराची ओळख पटेपर्यंत दुसरा दारात उभा असतो, म्हणून सर्दीवर अजून लस नाही. लहान मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं डॉक्टरांच्या लेखी अगदी नॉर्मल आहे. एक सर्दी सात ते दहा दिवसांची धरली, तर मूल वर्षातले जवळजवळ दोन महिने नाक पुसत असतं. बाकीचे दहा महिने ते पुसायचं विसरलेलं असतं.

या विषाणूची वितरणव्यवस्था म्हणजे शाळा. एका बाकावर तीन मुलं, एक पाण्याची बाटली, एक खोडरबर, आणि ते खोडरबर तोंडात घालून बघण्याची तिघांची शास्त्रीय वृत्ती. त्यावर कडी म्हणजे 'शंभर टक्के उपस्थिती'चं बक्षीस. वर्षभर एकही दिवस न चुकता, वाहत्या नाकाने आणि खोकत्या छातीने जो शाळेत येतो, त्याला वार्षिक संमेलनात प्रमाणपत्र मिळतं. त्या प्रमाणपत्रावर निम्मा हक्क ऱ्हायनोव्हायरसचा आहे, पण त्याला कुणी व्यासपीठावर बोलावत नाही.

ब्रिटनमध्ये आणि कॅनडात शाळा सप्टेंबरमध्ये उघडतात, आणि दोन-तीन आठवड्यांत दवाखान्यांत दम्याच्या मुलांची रांग लागते. इतक्या नेमाने लागते की तिथले डॉक्टर 'सप्टेंबरची साथ' म्हणूनच ती ओळखतात. नाशिककराचा कॅनडा शहरातल्या कॅनडा कॉर्नरला संपतो. तिथे शाळा जूनमध्ये उघडते. आणि शाळा, पाऊस, न वाळलेले मोजे आणि भिंतीला आलेली बुरशी हे चौघे एकाच आठवड्यात हजर होतात. तेव्हा आपली साथ सप्टेंबरपर्यंत कशाला थांबेल?

आता, शेजारच्या मुलाची सर्दी नाकात येते, नाकातच राहते आणि नाकातूनच निघून जाते. आमच्या कन्येची सर्दी 'उतरते'. पहिले दोन दिवस नाक, तिसऱ्या रात्री छाती. दिवसा ती सोफ्यावरून उड्या मारते. रात्री दोन वाजता मात्र आधी खोकल्याची उबळ, मग छातीतून पिपाणीसारखा बारीक सूं सूं आवाज, मग 'पोट उडतंय का बघ' असं म्हणून पांघरूण बाजूला करणारी सगळी मोठी माणसं. कन्येचं वय सहा, घरातलं नाव चिऊ. तिला दमा आहे. हे शेवटचं वाक्य मी इथे छापून टाकू शकतो, कारण नातेवाईक दिवाळी अंक विकत घेतात, वाचत नाहीत.

दम्यात नेमकं काय होतं, हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला समजावून द्यावं लागतं. कारण सगळ्यांचा समज असा की मुलाला श्वास आत घेता येत नाही. खरी अडचण बाहेर सोडण्याची असते. श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, वर चिकट कफ साचतो. आत गेलेली हवा मग मराठी पाहुण्यांसारखी वागते. येताना झटकन येते. निघताना मात्र 'चला, निघतो' म्हणत दारातच अर्धा तास अडून राहते. त्यात मुलाची नळी मुळातच बारीक. प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं की नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर वाहण्याला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून ज्या सर्दीने काकांचा फक्त आवाज बसतो, तिनेच पुतणीचा जीव मेटाकुटीला येतो. ब्रिटनमध्ये नऊ ते अकरा वर्षांच्या दमेकरी मुलांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. दमा उसळला अशा दर पाच वेळांपैकी सुमारे चार वेळा मुलांच्या नाकात विषाणू सापडला, आणि त्यात मोठा वाटा याच सर्दीवाल्याचा होता. केळ्याचा उल्लेख नाही. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडे आपल्यासारखी वेलची केळी कुठे मिळतात?"

सर्दीबद्दल घरात कुणीही कितीही बोलतं. दम्याचं नाव मात्र कुणी काढत नाही. "तिची छाती जरा कच्ची आहे." "कफाची प्रकृती आहे." "ॲलर्जी आहे हो, धुळीची." फार झालं तर "बाळदमा आहे, मोठी झाली की जाईल." निफाडच्या आत्यांनी तर मला कोपऱ्यात घेऊन बजावलं, "हे बाहेर बोलू नकोस. मुलीची जात आहे, उद्या स्थळं बघायची आहेत." कन्या तेव्हा बालवाडीत होती आणि तिचा विवाहविषयक विचार एका कार्टूनमधल्या हत्तीपर्यंत येऊन थांबला होता. हत्तीची काही हरकत नसावी.

डॉक्टरही लहान मुलाच्या बाबतीत हा शब्द जपून वापरतात, पण त्यांचं कारण स्थळांचं नसतं. पाच वर्षांखालच्या पुष्कळ मुलांची छाती फक्त सर्दीतच वाजते आणि शाळेत जायच्या वयापर्यंत त्यातल्या बऱ्याच जणांची वाजायची थांबते. कुणाचा दमा राहणार आणि कुणाचा जाणार, हे तिसऱ्या वर्षी छातीठोकपणे सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात, 'वाट बघू.' घरचे ऐकतात, 'काही नाहीये.'

गंमत म्हणजे, ज्यांच्या नावाने इंग्रजी औषधाला नाकं मुरडली जातात, त्या आपल्या चरकाने हा शब्द टाळलेला नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार आहेत, त्यातला तमक श्वास म्हणजे आपला दमा. ढग आले, पाऊस पडला, थंडी पडली, पूर्वेचा वारा सुटला की तो वाढतो. सोबत पडसं असतं. रुग्णाला आडवं पडवत नाही, उठून बसलं की बरं वाटतं. चिऊच्या रात्रीचं यापेक्षा अचूक वर्णन मला कुठल्याही फाइलमध्ये मिळालेलं नाही. पडसं आणि दमा यांची सोयरीक चरकाला ठाऊक होती. आमच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना ती अजून मान्य नाही. त्यांचा संशय फरशीवर आहे. "मार्बल आहे ना तुमच्याकडे, तिथूनच चढतं ते."

उपायांना मात्र तोटा नाही. सर्दी झाल्याची बातमी कळल्यापासून तासाभरात आमच्या स्वयंपाकघरात ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकायला पडते. वेखंड उगाळलं जातं, सुंठ-गूळ-तुपाची गोळी वळली जाते, हळदीचं दूध उतू जातं आणि अडुळशाची पानं आणायला मला सोसायटीच्या मागच्या कुंपणाकडे पिटाळलं जातं. अडुळशाबद्दल मी बोलणार नाही, कारण तिथे आईची बाजू भक्कम आहे. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन बनवलं, आणि ते आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असतं. हे तिला सांगितल्यापासून ती प्रत्येक बाटलीकडे सुनेने केलेल्या पुरणपोळीकडे बघावं तशी बघते: मूळ कृती माझीच. फक्त वाफाऱ्याच्या पातेल्याला आमच्याकडे बंदी आहे. वाफेने दमा सुटत नाही, आणि उकळतं पातेलं आणि चुळबुळ्या मुलाचं डोकं एकाच टॉवेलखाली घालणं यात भाजण्याखेरीज फार काही साधत नाही.

घराबाहेरचे उपाय आणखी भारदस्त. मृग लागला की हैदराबादला नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर बथिनी कुटुंब मरळ माशाच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात पिवळसर औषध भरतं आणि तो मासा रुग्णाला तसाच गिळायला देतं. ही परंपरा 1845 पासूनची असल्याचं ते सांगतात. महाराष्ट्रातूनही माणसं जातात. शाकाहारी मंडळींसाठी तेच औषध गुळातून मिळतं, म्हणजे धर्मही राहिला आणि मासाही. त्याने दमा बरा होतो असं शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालेलं नाही. पण ऐन जूनमध्ये, गर्दीत तासन् तास उभं राहून खोकणाऱ्या हजारो लोकांकडून सर्दी घेऊन येण्याची खात्री आहे. मृग चुकला तर कोजागरीच्या चांदण्यात ठेवलेली औषधी खीर आहेच.

हसू फक्त आपल्यालाच नको. 1802च्या सुमारास धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपाय मद्रासहून विलायतेत गेला आणि पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ युरोप-अमेरिकेत दम्यासाठी खास सिगारेटी विकल्या गेल्या. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट लहानपणी दम्याने बेजार होते, तेव्हा त्यांना कडक काळी कॉफी पाजत आणि सिगार ओढायला देत. कॉफीत थोडं तथ्य निघालं. तिच्यातलं कॅफीन हे दम्यावरच्या थिओफिलिन या औषधाचं चुलत भावंड आहे. सिगारमध्ये काही निघालं नाही. तरी आमचे एक काका बाल्कनीत उभे राहून सिगारेट ओढता ओढता आत ओरडतात, "पोरीला पेरू नका रे देऊ, छाती भरेल!" आत देवघरातली उदबत्ती, रात्रभर जळणारी डासांची कॉइल, गुरुवारचा धूप, सोसायटीच्या मागे पेटवलेला पालापाचोळा आणि दिवाळीत चार दिवसांचे फटाके. सुजलेल्या नळीला यातलं सगळं झोंबतं. पण धुराला आमच्या घरात पावित्र्य आहे आणि पेरूला वाली नाही.

या सगळ्या उपायांना घरात मुक्त प्रवेश आहे. दारात अडवला जातो तो एकटा पंप.

"पंप नको बाई. सवय लागते." हे वाक्य मी आईकडून, आत्यांकडून, वरच्या काकूंकडून, ऑफिसातल्या साहेबांकडून आणि एकदा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाकडून ऐकलं आहे. त्याने सिलिंडर टेकवला, टेबलावरचा पंप बघितला आणि सिलिंडरपेक्षा हाच स्फोटक असल्यासारखा चेहरा केला. सवय लागत नाही. चष्म्याची लागते तेवढीसुद्धा नाही. पण पंप म्हणजे शेवटची पायरी, पंप म्हणजे सिनेमात जिना चढताना छातीवर हात ठेवणारे वडील, हे चित्र पुसता पुसत नाही.

खरं तर या वस्तूचा जन्मच एका पोरीच्या हट्टातून झाला आहे. 1955 साली अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेझन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारलं, की केसांवरचा फवारा डब्यातून येतो, तर माझं औषध तसं का येत नाही? तेव्हा काचेच्या भांड्याला रबरी फुगा जोडून तो दाबत बसावं लागे. वडिलांनी प्रश्न मनावर घेतला आणि पुढच्याच वर्षी, 1956 मध्ये, पंप बाजारात आला. ही कथा सांगून आईचं मन वळवायचा मी प्रयत्न केला. 'रायकर' ऐकून तिला ती कंपनी क्षणभर आपल्या गोव्याकडच्यांची वाटली आणि पंपाबद्दलचं मत बरंच निवळलं. मी खुलासा केला नाही.

पंपापेक्षा 'गोड औषध' बरं, असं सगळ्यांना वाटतं. नळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या सिरपमध्ये चमचाभरात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, दोन मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे एक गोड चमचा बरोबर वीस फवारे. फवारा थेट नळीत जातो. चमचा पोटातून, रक्तातून, सगळ्या अंगाला प्रदक्षिणा घालून छातीशी पोहोचतो आणि वाटेत हातपाय थरथरवतो, काळीज धडधडवतो. मूल रात्री अकरा वाजता पलंगावर उड्या मारायला लागतं आणि आजी समाधानाने म्हणते, "बघा, तरतरी आली की नाही?"

नेब्युलायझरला मात्र मान आहे. तो मशीन आहे, त्याला वायर आहे, तो घुर्रर्र करतो आणि त्यातून वाफ येते. म्हणजे काहीतरी चाललंय हे शेजाऱ्यांनाही कळतं. साध्या आणि मध्यम जोराच्या दम्यात स्पेसर नावाची प्लॅस्टिकची नळी लावलेला पंप तितकंच काम करतो, हे अभ्यासांतून दिसून आलं आहे. पण तो आवाज करत नाही. जे औषध कळा देत नाही, कडू लागत नाही आणि आवाजही करत नाही, त्यावर मराठी माणूस विश्वास ठेवेल कसा?

आणि 'स्टिरॉइड' हा शब्द तर उच्चारायचीही सोय नाही. रोजच्या प्रतिबंधाच्या पंपात ते असतं हे कळताच आत्यांच्या डोळ्यांसमोर चिऊचे दंड फुगायला लागले. त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात. मुलांची उंची पहिल्या वर्षी त्याने साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर कमी वाढू शकते, आणि हे डॉक्टर लपवत नाहीत. न आवरलेला दमाही वाढ खुंटवतो, रात्रीची झोप खातो आणि शाळा बुडवतो. आमच्या घराण्यात सगळ्यात उंच माणूस पाच फूट पाच इंच आहे आणि त्यालाही सगळे 'लंबू' म्हणतात. तिथे सेंटिमीटरचा हिशेब आत्या आत्ताच मांडायला लागल्या.

पंप मारण्याचं तंत्रही घरोघरी वेगळं आहे. कागदावर ते सोपं आहे. पंप हलवा, स्पेसरला जोडा, एक फवारा मारा, मुलाला नळी तोंडात नीट धरून सावकाश पाच-सहा श्वास घेऊ द्या, आणि गरज असेल तर मग पुन्हा हलवून दुसरा. स्पेसरशिवाय मारला तर बराचसा फवारा घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतो आणि तिथेच राहतो. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. प्रत्यक्षात कुणी पंप न हलवताच दाबतं, कुणी दोन फवारे लागोपाठ मारून मोकळं होतं. चिऊ स्वतः श्वास मोजते. घाई असली तर 'एक, दोन, सहा' असे.

स्पेसरचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे स्वच्छतेची आवड. तो साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता, हवेवर वाळू द्यायचा असतो. फडक्याने घासला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज जमते आणि औषध नळीत जाण्याऐवजी भिंतीला चिकटून बसतं. हे आईला कितीही सांगा, ओली वस्तू ओट्यावर तशीच पडलेली तिला बघवत नाही. ती स्पेसर कोरड्या पंचाने असा चकचकीत पुसून ठेवते की त्यात तोंड दिसतं. औषधही मग बाहेर न येता तिथेच तोंड बघत बसतं. पंपाचंही तसंच. औषध संपलं तरी आतला वायू शिल्लक असतो, त्यामुळे फुस्स आवाज येतच राहतो. आकडा दाखवणारा पंप नसेल, तर फवाऱ्यांचा हिशेब कॅलेंडरवर ठेवावा लागतो, दुधाच्या हिशेबाशेजारी.

आमच्या डॉक्टरांनी हे सगळं ओळखून एक कागद लिहून दिला. त्यावर सिग्नलसारखे तीन पट्टे आहेत: हिरवा, पिवळा, लाल. दम्याची अशी लेखी योजना प्रत्येक मुलासाठी वेगळी असते. औषधं आणि मात्रा ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायच्या. रंगांचा अर्थ मात्र सगळीकडे एकच.

हिरवा म्हणजे मूल ठणठणीत. धावतं, हसतं, रात्रभर झोपतं. डॉक्टरांनी रोजचा प्रतिबंधाचा पंप दिला असेल तर तो चालू ठेवायचा. इथेच आपलं घोडं पेंड खातं. ठणठणीत मुलाला औषध देणं हा आपल्याकडे अपशकुन. "आता बरी आहे ना? मग कशाला?" असं म्हणून हिरव्यातच पंप कपाटात जातो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा तो पंप कपाटात असतो, कपाटाची किल्ली आईच्या कमरेला असते आणि आई सत्संगाला गेलेली असते.

लाल म्हणजे दवाखाना, आणि तिथे विनोद नाही. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, मूल एका दमात वाक्य पुरं बोलू शकत नाही, खातपीत नाही, ओठ निळसर दिसतात, ते गळून पडतं किंवा गुंगतं, मोकळं करणारा पंप दिल्यावर आराम पडतच नाही किंवा चार तासही टिकत नाही. यातलं काहीही दिसलं की रात्र किती झाली हे न बघता निघायचं आणि कागदावर लिहिल्याप्रमाणे वाटेतही पंप देत राहायचं. आणि एक फसवी गोष्ट: धाप लागलेल्या मुलाच्या छातीतला सूं सूं आवाज अचानक बंद झाला, तर हायसं वाटून घ्यायचं नाही. आवाज व्हायला पुरेशी हवाच आत-बाहेर होत नाहीये, असा त्याचा अर्थ असू शकतो.

उरला पिवळा. लेखाचा, दम्याचा आणि नाशकाचा खरा प्रश्न हाच आहे. पिवळा म्हणजे नाक वाहायला लागलं, रात्री खोकला आला, हसताना किंवा पळताना ढास लागली. छाती अजून वाजत नाहीये, पण वाजणार आहे. सर्दी नाकातून छातीत जायला एक-दोन दिवस घेते, आणि आपल्या हातात असतात ते तेवढेच दिवस. मोकळं करणारा पंप कागदाप्रमाणे सुरू करायचा, प्रतिबंधाचा चुकवायचा नाही, रात्री एकदा उठून श्वास बघायचा, शंका आली तर डॉक्टरांना फोन करायचा. अँटिबायोटिकसाठी हट्ट धरायचा नाही, कारण विषाणू त्याला भीक घालत नाही. फ्लूची लस दरवर्षी देऊन ठेवलेली असली, तर निदान एक पाहुणा कमी.

पण आपल्याला हिरवा कळतो आणि लाल कळतो. पिवळा आपल्या संस्कृतीतच नाही. पहिले दोन दिवस "साधी सर्दी आहे" म्हणून आरोपी शोधण्यात जातात, तिसऱ्या रात्री दोन वाजता तीच माणसं रिक्षा शोधतात. नाशकात सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, चौकात उभं राहून बघा. दिवा पिवळा झाला की प्रत्येक गाडी जोरात सुटते. पिवळा म्हणजे 'थांबायची तयारी करा' असं फक्त लायसन्सच्या परीक्षेत असतं.

तो कागद आम्ही फ्रिजवर चिकटवला. आठवड्याभरात त्यावर घरच्यांच्या दुरुस्त्या झाल्या. पिवळ्या पट्ट्यात आईने पेन्सिलीने 'ओवा' लिहिलं. बायकोने शेजारी लिहिलं, 'ओवा चालेल, पण पंपानंतर.' त्यावर दोन दिवस अबोला झाला आणि मग 'पंपाबरोबर' असा तह झाला. काकांनी 'पेरू' लिहून त्यावर फुली मारली. कुणीतरी 'सिगारेट' लिहून त्यावर दोन फुल्या मारल्या. अक्षर बायकोचं आहे, पण काकांपुढे ते कुणी कबूल करत नाही. आत्यांनी कागद बघितला आणि फक्त म्हणाल्या, "पाहुणे आले की काढून ठेवत जा गं."

कागद सगळ्यांत मनावर घेतला तो चिऊने. तिला नुकतं वाचता यायला लागलं होतं, आणि नवं वाचता येणाऱ्याएवढा कडक अधिकारी दुसरा नसतो. आता नाकात नुसतं सुळसुळलं तरी ती फ्रिजसमोर उभी राहून जाहीर करते, "आई, माझा पिवळा लागलाय!" पंप तीच काढते, हलवते, चूळ तीच भरते. आजीने स्पेसरला पंचा लावला तर तक्रार तीच नोंदवते. या पावसाळ्यात सर्दी आली नाही असं नाही. ती ठरल्याप्रमाणे शाळेच्या पहिल्याच आठवड्यात आली. पण रात्री दोनची रिक्षा शोधावी लागली नाही.

मात्र हा कायदा तिने घरापुरता ठेवला नाही. परवा तिला स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत सोडायला निघालो. उशीर झाला होता. सीबीएसच्या सिग्नलला आमची पाळी येता येता दिवा पिवळा झाला. मी नाशिककराच्या धर्माला जागून मूठ पिळणार, तेवढ्यात पुढून आवाज आला, "बाबा, पिवळा लागलाय!" मी ब्रेक दाबला. मागची रिक्षा आमच्या नंबर प्लेटपासून वीतभर अंतरावर किंचाळत थांबली, तिच्यामागे सगळा रस्ता हॉर्न वाजवायला लागला. रिक्षावाल्या दादांनी डोकं बाहेर काढलं.

"काय साहेब, गाडी बंद पडली का?"

"नाही. पिवळा लागलाय."

"मग निघा की! लाल व्हायच्या आत!"

"काका," चिऊने मागे वळून त्यांना समजावलं, "लाल व्हायच्या आधीच सगळं करायचं असतं. लाल झाल्यावर दवाखाना."

रिक्षावाल्या दादांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं. मग हॉर्नवरचा हात काढला आणि विचारलं, "कुठल्या शाळेत घातलंय हो हिला?"